विकास आणि न्यूमोनिया : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेव्हा पिंपरी-चिंचवड नावाचे शहर अस्तित्वात नव्हते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ मधली. मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने त्या दशकापासून येत गेले, १९७० मध्ये आसपासच्या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली, २०११ मध्ये सतरा लाखांच्या. न्यूमोनियावरचे खात्रीचे औषध इथे आधी आले आणि शहर नंतर.

असे असूनही या शहरात आणि त्याला लागून वाढलेल्या चाकण पट्ट्यात पावसाळ्यात आणि थंडीत मुले न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल होतात, कामगार होतात, म्हातारी माणसेही होतात. औषध माहितीचे, रोजगार भरपूर, पुणे जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. मग हा आजार हटत का नाही? समाजाची आर्थिक-सामाजिक प्रगती आणि त्या समाजातले न्यूमोनियाचे प्रमाण यांचा संबंध शोधणारे अभ्यासक्षेत्र याच प्रश्नाभोवती उभे आहे. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तो वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी असेल, समाजशास्त्राचा असेल, आरोग्य खात्यातला कर्मचारी असेल किंवा कामगार संघटनेचा कार्यकर्ता. इथे या सगळ्यांची गरज आहे, कारण एकट्या कोणालाही हा प्रश्न पूर्ण दिसत नाही.

प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे आणि ते बरोबरही आहे. समाज सुधारतो तसा न्यूमोनिया कमी होतो. एका जागतिक अंदाजानुसार २००० साली पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाच्या १७ कोटी ८० लाख घटना घडल्या. २०१५ मध्ये हा आकडा १३ कोटी ८० लाखांवर आला. याच काळात मृत्यू सुमारे १७ लाखांवरून ९ लाखांवर आले. भारतासाठी स्वतंत्रपणे केलेल्या अंदाजातही याच पंधरा वर्षांत मुलांमधल्या न्यूमोनियाच्या घटना सुमारे ४० टक्क्यांनी घटलेल्या दिसतात. या अंदाजांभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

वाचकाने इथेच एक गोष्ट टिपून ठेवावी. जगात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, घटना मात्र चौथ्या हिश्शानेही कमी झाल्या नाहीत. म्हणजे आजारी पडलेल्याला वाचवणे आपल्याला लवकर जमले. माणूस आजारीच पडू नये अशी परिस्थिती निर्माण करणे तितक्या लवकर जमलेले नाही. या दोन कामांमागची कारणे वेगळी, खर्च वेगळा, जबाबदार खातीही वेगळी. औषध, डॉक्टर, रुग्णवाहिका ही पहिल्या कामाची साधने. घर, हवा, आहार आणि लस ही दुसऱ्या कामाची. ‘विकासाने न्यूमोनिया कमी होतो’ असे एका दमात म्हटले की हा फरक पुसला जातो. या क्षेत्राचे निम्मे काम तो फरक पुन्हा दाखवून देण्याचे आहे.

आजार मोजायचा कसा, हेही नवख्याने आधी शिकून घ्यावे. न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना झालेला संसर्ग. तो जंतूंमुळे होतो, विषाणूंमुळे होतो, क्वचित बुरशीमुळेही. पक्के निदान करायचे तर एक्स-रे लागतो, आणि जिथे आजार जास्त तिथे एक्स-रे कमी. म्हणून गावपातळीवर श्वास मोजतात. गावातल्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, खोलीत येतात, बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ देतात, झबले वर करून पोटाकडे बघतात आणि घड्याळाचा काटा पूर्ण एक मिनिट फिरेपर्यंत श्वास मोजतात. बाळ मध्येच रडले तर मोजणी बाद, पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक म्हणजे श्वास वेगवान. छाती आत ओढली जात असेल तर मूल ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. आई ‘पोट उडतंय’ म्हणते, बिहारहून आलेली शेजारीण ‘पसली चल रही है’ म्हणते. दोन्ही ऐकून घड्याळ बाहेर काढणारी बाई या शास्त्राची पहिली मोजणीदार आहे.

ही मोजणी किती मोलाची आहे, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जिल्हा राज्यातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी, रस्ते थोडे, डॉक्टर त्याहून थोडे. तिथल्या गावांत त्यांनी सुईणी आणि गावातल्या आरोग्यसेवकांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडावाटे द्यायचे प्रतिजैविक वापरायला शिकवले. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी मण्यांचे आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे श्वासमापक तयार केले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : जिथे हा कार्यक्रम राबवला त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी. उपचार मिळालेल्या आजारी मुलांपैकी शंभरात एकही दगावले नाही म्हटले तरी चालेल, इतके ते प्रमाण उतरले. नेमका आकडा ०.८ टक्के होता, आणि तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. गडचिरोलीचे उत्पन्न त्या काळात वाढले नव्हते, घरे बदलली नव्हती, चूल तीच होती. उपचार दारात आला एवढाच बदल झाला होता.

तर मग विकासाची वाट बघायची गरजच नाही का? या प्रश्नावर या क्षेत्रात जुना वाद आहे आणि वाचकाने तो माहीत करून घ्यावा. थॉमस मॅककिऑन यांनी ब्रिटनच्या मृत्युनोंदी तपासून १९७० च्या दशकात मांडले की संसर्गजन्य आजारांचे मृत्यू प्रतिजैविके आणि बहुतेक लसी येण्याच्या आधीपासूनच घटत होते. श्रेय त्यांनी सुधारलेल्या आहाराला दिले. सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये त्यांना उत्तर दिले की नुसत्या समृद्धीने काही झाले नाही; पाणी, सांडपाणी, घरे यांसाठी नगरपालिकांमधून झालेल्या राजकीय झगड्यांनी झाले. सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवले की तेवढ्याच उत्पन्नात नंतरच्या दशकांतले देश आधीच्यांपेक्षा जास्त आयुष्य मिळवतात; म्हणजे ज्ञान आणि सार्वजनिक व्यवस्था उत्पन्नाच्या बरोबरीने काम करतात. गडचिरोलीचा प्रयोग प्रेस्टन यांच्या बाजूने बोलतो. चाकणचा अनुभव, माझ्या मते, श्रेटर यांच्या बाजूने बोलतो.

कारण चाकण गडचिरोलीच्या बरोबर उलट आहे. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात बजाज आले, महिंद्र आले, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले, आणि त्यांना माल पुरवणारे शेकडो कारखाने आले. खराबवाडी, म्हाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांत शेतजमिनीवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एकच खिडकी आणि ती समोरच्या बोळाकडे उघडणारी. कुठे चार-पाच पोरे पाळीप्रमाणे झोपतात : रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठतो, अंथरूण तेच. कुठे नवरा-बायको आणि दोन मुले. एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्यात पाण्याची टाकी. गॅस लहान सिलिंडरचा, तो संपला की महिनाअखेरीला परवडेल तसा. अंघोळीचे पाणी तापवायला बाहेर पॅकिंगच्या लाकडी फळ्या जळतात आणि त्यांचा धूर त्याच बोळातून त्याच खिडकीने आत येतो. घरात नियमित पगार येतो, हातात मोबाइल असतो, दाराशी मोटारसायकल असते. उत्पन्नाच्या तक्त्यात हे कुटुंब सुधारलेले दिसते. बाळ मात्र त्याच हवेत श्वास घेते.

औद्योगिक विकासात पैसा आधी येतो, राहायला पुरेशी जागा आणि स्वच्छ हवा सर्वांत शेवटी येते, आणि न्यूमोनिया या दोहोंमधल्या काळात ठाण मांडतो : हा या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा आहे. तो नवा नाही. पनामा कालव्याच्या कामावर १९०६ च्या सुमारास मजुरांचा सर्वांत मोठा काळ न्यूमोनिया होता. पुढे मजूर बराकींतून बाहेर पडून कुटुंबासह विखुरलेल्या झोपड्यांत राहू लागले तेव्हा हे प्रमाण झपाट्याने उतरले, असे तिथले आरोग्यप्रमुख विल्यम गॉर्गास यांचे निरीक्षण होते. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींनी त्यांना सल्ल्यासाठी बोलावले. दूरच्या खेड्यांतून येऊन खाणींच्या वसतिगृहांत दाटीने राहणारे मजूर न्यूमोनियाने मरत होते, आणि सर्वाधिक धोका नव्याने आलेल्यांना होता. गॉर्गास यांनी सांगितले : माणसे विरळ वसवा, कुटुंबे आणू द्या. त्याआधी दोन वर्षे, १९११ मध्ये, आल्मरॉथ राइट यांनी त्याच खाणींमध्ये लसीचे प्रयोग सुरू केले होते. घर की लस, हा प्रश्न तेव्हापासूनचा. १९७० च्या दशकात रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी तिथल्याच नव्या मजुरांवर चाचण्या केल्या आणि त्यातून १९७७ मध्ये अमेरिकेत न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या प्रमुख जंतूवरील आधुनिक लसीला परवाना मिळाला. आज जगभर म्हातारी माणसे जी लस घेतात, तिच्या वंशावळीत स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांचा इतिहास आहे.

ऑस्ट्रियन यांचेच आणखी एक निरीक्षण पिंपरीसारख्या औषधाच्या गावाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पेनिसिलिनने न्यूमोनियाचे मृत्यू खूप घटवले, पण आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे मृत्यू होतात त्यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असे त्यांनी १९६४ मध्ये दाखवले. उशिरा पोहोचलेल्याला उत्तम औषधही नेहमी वाचवू शकत नाही. ज्याचा खाडा पडला की रोज बुडतो असा कंत्राटी कामगार तापात दोन दिवस काढतो, मेडिकलमधून गोळ्या घेतो, आणि धाप लागली की मग रिक्षा शोधतो. कारखान्यापासून संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये थोडे असेल. सुटी, पैसा आणि चाकणच्या चौकातली वाहतूक धरून ते मोजले पाहिजे.

विकासाचे घटक वेगवेगळ्या वेगाने चालतात, हे राज्याच्या आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान, म्हणजे साधारण २०१५-१६ ते २०१९ या काळात, महाराष्ट्रात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे सुमारे ६० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली. याच काळात वयाच्या मानाने उंची खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले, म्हणजे जागचे हलले नाही. पाच वर्षांखालील बालमृत्युदरही हजारी २८ च्या आसपास थबकला. चूल सुधारली, ताट सुधारले नाही. कुपोषित मुलाला न्यूमोनिया झाला तर तो जास्त गंभीर होतो, हे बालरोगतज्ज्ञ रोज बघतात.

चुलीबद्दलही घाईने बोलू नये. ग्वाटेमालामध्ये धुराड्याची चूल दिल्यावर मुलांचा गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, पण एकूण निदानांतली घट खात्रीने सांगण्याइतकी नव्हती. मलावीत सुधारित चुलींनी न्यूमोनिया कमी झाला नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत गरोदर स्त्रियांच्या घरी गॅस पुरवून झालेल्या मोठ्या चाचणीतही तान्ह्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक आढळला नाही. यातून गॅस निरुपयोगी ठरत नाही. आईचे डोळे, फुफ्फुसे आणि वेळ यांसाठी तो हवाच. एवढेच कळते की एक घर स्वच्छ झाले तरी गल्लीची हवा तीच राहते, आणि एक कारण काढले तरी गर्दी, कुपोषण, जंतू आपल्या जागी असतात. सगळ्या कारणांची एकत्र मोट बांधून विचार करायला हे अभ्यास शिकवतात.

आपल्या पट्ट्याने या शास्त्रात घालण्यासारखी भर कामाच्या जागेची आहे. ब्रिटनमधल्या मृत्युनोंदी तपासून डेव्हिड कॉगन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की वेल्डिंग करणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाने होणारे मृत्यू जास्त आहेत आणि ही वाढ नोकरीच्या वयातच दिसते, निवृत्तीनंतर नाही. धातूचा धूर थांबला की धोकाही ओसरतो. पुढे ब्रिटनने वेल्डरना न्यूमोकॉकसची लस देण्याची शिफारस केली. भोसरीपासून चाकणपर्यंत चासी, सायलेन्सर, सीटच्या चौकटी जोडणारे किती हात रोज वेल्डिंगच्या ठिणग्यांपाशी असतात, याचा विचार करा. इथे उद्योग उत्पन्न देतो आणि त्याच पाळीत फुफ्फुसाचा धोकाही देतो. विकासाला फक्त संरक्षक मानणारी मांडणी इथे अपुरी पडते.

लसीच्या बाबतीत मात्र पुणे जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या न्यूमोकॉकसच्या दहा प्रकारांवरील लसीला २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ मध्ये निवडक राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत, विनामूल्य. हिब या न्यूमोनियाच्या आणखी एका जंतूवरचे संरक्षण पंचगुणी लसीतून त्याआधीच आले होते. आता अडचण लसीच्या उपलब्धतेपेक्षा बाळाच्या प्रवासात आहे. बाळंतपण बीडला किंवा दरभंग्याला, पहिला डोस तिथे, बाप नोकरीसाठी निघोज्यात, तीन महिन्यांनी कुटुंब इथे, कार्ड गावाकडच्या पेटीत. दुसरा डोस कोणी द्यायचा?

याच प्रवासामुळे इथले दर मोजणे अवघड होते. प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकांमागे आणि उपकेंद्र ५ हजारांमागे, हा ग्रामीण निकष. लोकसंख्येचा आधार २०११ च्या जनगणनेचा, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. ज्या गावात तेव्हापासून खोल्यांच्या रांगा वाढत गेल्या, तिथे उपकेंद्रातले कर्मचारी कागदावर पुरेसे असतात. छेद जुना आणि अंश नवा असेल तर दर फुगतो. उलट, फार आजारी पडलेला कामगार गावी परततो आणि त्याचा मृत्यू तिकडच्या दप्तरात नोंदला जातो. मग इथला दर खोटाच कमी दिसतो. खासगी रुग्णालये वाढली, एक्स-रे आणि सीटी स्कॅन वाढले की निदाने वाढतात, आजार तितका वाढलेला नसला तरी. म्हणून कोणताही आकडा हाती आला की तो कुठे मोजला, कोणी मोजला आणि किती लोकांमागे मोजला, हे विचारायची सवय लावून घ्यावी. ही पद्धत बघायची असेल तर दूर जावे लागत नाही. भीमेकाठच्या वढू परिसरात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम उभे राहिले, आणि २००२ पासून तिथल्या २२ गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघरी सलग नोंद ठेवली जाते. औद्योगिकीकरणाचा परिणाम समजून घ्यायला अशी सलग नोंद लागते.

सरासरीबद्दलही सावध राहावे. वाकड, रावेत, पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींत मुलांचा न्यूमोनिया तुलनेने विरळ. तिथे मुलाच्या आधाराने राहायला आलेले मधुमेही आजी-आजोबा या आजाराने दाखल होतात. श्रीमंत देशांत आजार असाच वृद्धांकडे सरकला आहे. दहा-पंधरा किलोमीटर अलीकडे-पलीकडे एकाच पट्ट्यात न्यूमोनियाची दोन वये नांदतात : एक बाळाचे, एक आजोबांचे, आणि मध्ये ऐन कमावत्या वयातला वेल्डर. शहराचा एकच दर काढला तर तिघेही दिसेनासे होतात. प्रौढांची लस सरकारी कार्यक्रमात नाही, कंत्राटी कामगाराची रजा पक्की नाही, खोलीच्या खिडकीला बांधकामाच्या परवानगीत कोणी विचारत नाही. तीन माणसांसाठी तीन वेगळी कामे आहेत.

पुढची प्रकरणे या धाग्यांना एकेक करून हात घालतात. ती वाचताना सांख्यिकीची भीती बाळगू नये. भागाकार, तुलना आणि शंका घेण्याची तयारी एवढ्यावर बरीच मजल मारता येते. डॉक्टरांनी घरभाड्याचे व्यवहार समजून घ्यावेत, समाजशास्त्रज्ञांनी श्वास मोजायला शिकावे, नगररचनाकारांनी बालरुग्ण विभागात एक सकाळ घालवावी. आणि ज्याला लगेच सुरुवात करायची आहे त्याने एमआयडीसीच्या पाठीमागची खोल्यांची एक रांग निवडावी. दर खोलीत किती माणसे झोपतात, खिडकी कुठे उघडते, पाच वर्षांखालच्या किती मुलांचे लसीचे तिन्ही डोस झाले आहेत आणि रात्री धाप लागली तर डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, एवढे चार आकडे काढावेत. ते ग्रामपंचायतीपुढे, कारखान्याच्या व्यवस्थापनापुढे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवावेत. न्यूमोनियाचे प्रमाण ज्या निर्णयांनी उतरते ते निर्णय या तीन टेबलांवर होतात, आणि आकडे समोर असले की ते टाळणे कठीण जाते. या कामात तुमचे मनापासून स्वागत आहे.